देवाचा करार होतो, पोराचा का नाही?

गेल्या महिन्यात फुफीने अणदूरला बोलावून घेतले. तिच्या धाकट्याला मस्कतला फरशी मिस्त्रीचे काम लागले होते. शेजारी मुबारकबाद देऊन जात होते. मला बोलावले ते कागद वाचायला.

कागद तीन निघाले. पासपोर्ट, दुबईचा टुरिस्ट व्हिसा आणि परतीचे तिकीट. काम मस्कतला, मग दुबई कशाला? पोरगा म्हणाला, "भाईजान, माझा पासपोर्ट ईसीआरवाला आहे ना. एजंट म्हणतो, विमानतळावर फिरायला चाललो म्हणून सांगायचं. पुढचं तिथं गेल्यावर."

ईसीआर म्हणजे काय, हे आमच्या घराघरात ठाऊक आहे. कशासाठी, हे कुणाला ठाऊक नाही. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी पास नसलेला माणूस आखाती देशांसह ठरावीक 18 देशांत कामाला निघाला, तर त्याला आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. नोकरीचा करार दाखवावा लागतो, त्यात पगार आणि मालकाचे नाव असते. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये अधिक कर. मजूर अपघातात गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर 10 लाख.

फिरायला जाणाऱ्याला यातले काही लागत नाही. एजंटची सगळी हुशारी एवढीच. 'व्हाया दुबई' गेलेला पोरगा भारत सरकारच्या दप्तरी कामगार नसतोच, तो पर्यटक असतो. मालकाने पगार दाबला, तर दाखवायला करार नाही. परातीवरून पडला, तर विमा नाही.

"सगळे असेच जातात," फुफा म्हणाले. जातात, खरे आहे. कित्येकांनी घरेही बांधली. पण मधला देश कधी दार लावून घेईल, याचा भरवसा नसतो. 2021 मध्ये सौदीने भारतातून थेट येणे बंद केले, तेव्हा लोक दुसऱ्या देशात चौदा दिवस काढून पुढे जात होते. एप्रिलअखेर नेपाळनेही तो रस्ता बंद केला आणि आपली माणसे काठमांडूच्या हॉटेलांत अडकली. त्यांच्या हातात तर पुढच्या देशाचे खरे व्हिसे होते. आमच्या पोराच्या हातात काय आहे?

सरकारलाही सोडता येत नाही. पदवीधर मस्कतला निघाला, तर त्याला कुणी करार विचारत नाही. आयकर भरणाराही मोकळा. फसण्याची भीती ज्याला सर्वात जास्त, त्यालाच विमानतळावर खोटे बोलायला शिकवणारी ही व्यवस्था आहे. तपासणी मजुराची होते, एजंट तालुक्याच्या गावात दुकान थाटून बसतो. परवानाधारक एजंटला मजुराकडून जास्तीत जास्त 30 हजार आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. याने एक लाख चाळीस हजार घेतले, पावती नाही. परवान्याशिवाय भरती करणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. पण तक्रार कोण करणार? तो आमच्याच सफेत नमाज पढतो, रमजानमध्ये इफ्तार देतो. आम्ही त्याला हमदर्द म्हणतो. पैसे बुडाले की नशीब म्हणतो. लग्नात मेहरची रक्कम लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेणारे आम्ही, पोराला परक्या मुलखात पाठवताना मात्र तोंडी शब्दावर विसंबतो.

अणदूरकरांना हे सांगायची खरे तर गरज नसावी. इथला खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला असतो. मुक्काम हलवताना दोन्ही गावांचे मानकरी बसतात आणि लेखी करार करतात. देव कुठे जाणार, कधी परत येणार, सगळे कागदावर. लहानपणापासून ते बघत आलेल्या फुफांना मी हेच म्हणालो. ते चिडले. "तू नोकरीवाला. तुला काय जातंय बोलायला?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. निघण्याआधी एजंटला फोन लावून परवाना क्रमांक मागितला. ई-मायग्रेटच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो, असेही सांगितले.

"पोरगा पोचला की पाठवतो," तो म्हणाला.