सोलरची बॅटरी आणि तिची राखणदारीण



उन्हाळा तोंडावर आला की आपली कामांची यादी ठरलेली असते. कुरडया, पापड, वर्षाचं तिखट, माठ घासून ठेवणं. आमच्या जळगावात त्या यादीत आणखी एक काम असे, ते म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मी ते इमानेइतबारे केलं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मात्र आम्ही जुनी बॅटरी देऊन लिथियमची आणली. गच्चीवरची पॅनेलं आणि सोलरचा इन्व्हर्टर आधीचाच ठेवला. जुनी बॅटरी हलवायला दोन माणसं लागायची. ही नवी पेटी मी एकटीने उचलून बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यात पाणी कधी घालायचं?" म्हटलं, "आई, हिला पाणी लागतच नाही." मला वाटलं, आता हिच्याकडे बघायलाच नको.

तिथेच चुकलं. तीच चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून आज हे लिहिते आहे.

आमच्या आईंना दमा आहे. रात्री-अपरात्री वाफेचं मशीन लावावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. त्यामुळे बॅटरी ही आमच्याकडे चैन नाही. फेब्रुवारीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मार्चमध्ये ऊन तापू लागलं आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. भर दुपारी, स्वच्छ ऊन असताना, इन्व्हर्टर टीं टीं करून बंद पडे. ढग आला की पुन्हा ठीक! ऊन जास्त तर वीज जास्त, एवढं तर माझ्या पाचवीतल्या मुलांनाही कळतं. इथे उलटंच. आणि दुपारी असा खोळंबा झाला की रात्रीला बॅटरी अर्धवटच भरलेली.

ज्या दुकानातून आणली तिथला माणूस आज येतो, उद्या येतो करत होता. शेवटी ओळखीच्या एका वायरमनला बोलावलं. त्याने पेटी उघडली, आतली एक छोटी पट्टी दाखवली आणि म्हणाला, "वहिनी, ही बीएमएस मध्ये मध्ये तोडते. हिला बाजूला काढून वायर सरळ जोडतो, मग बघा कशी पळते." हे ऑफिसात होते. आई रात्रभर खोकलेल्या होत्या. मी म्हटलं, "करा बाई काय ते, पण दिवे जाऊ देऊ नका."

पाच-सहा दिवस खरंच छान गेले. मी त्या वायरमनचं कौतुकही करून आले शेजारी. होळीच्या आदल्या दुपारी आई तिथून जाताना त्यांचा हात पेटीवर टेकला. (वर मी हौसेने क्रोशाचं कव्हर घातलं होतं.) त्या म्हणाल्या, "अगं, ही पोळतेय की! आणि झाकण बघ कसं वर आलंय." कव्हर काढलं तर पेटीची एक बाजू पोट फुगल्यासारखी. माझ्या पोटात धस्स झालं. आधी पॅनेलचा स्विच बंद केला, मग इन्व्हर्टरचा. दारं-खिडक्या उघडल्या, आईंना शेजारच्या ओसरीवर नेऊन बसवलं, आणि पेटीला कोणी हात लावू नका म्हणून सांगितलं. आईंची खाट त्या पेटीपासून चार हातांवर असते. आणि ती पट्टी काढायला होय म्हणणारी मीच.

दुसऱ्या दिवशी, पेटी थंड झाल्यावर, माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून आता सोलरचीच कामं करते. तिने मल्टिमीटर लावला. आत चार सेल होते. तीन साडेतीन व्होल्टच्या आतबाहेर, चौथा चारच्याही वर, आणि फुगलेला तोच. "बाई," ती म्हणाली, "ज्या पट्टीने हे थांबवायचं, तीच तुम्ही काढून टाकलीत."

मग तिने मला जे समजावलं ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

बीएमएस म्हणजे काय?

बीएमएस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. घरच्या सोलरला बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट ह्या प्रकारची बॅटरी वापरतात. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा ती शांत स्वभावाची. बॅटरीसाठी ह्या पदार्थाचा वापर मांडणारा निबंध १९९७ साली अमेरिकेत टेक्सासमधून निघाला. त्यावर नोबेलविजेते जॉन गुडइनफ यांच्याबरोबर अक्षय पाढी ह्या भारतीय संशोधकाचं नाव आहे, तेही पहिलं. वर्गात मी हे मुलांना आवर्जून सांगते.

ह्यातला एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा. असे चार एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी होते. भरताना एका सेलने ३.६५ व्होल्टच्या वर जायचं नाही, आणि रिकामा होताना २.५ च्या खाली उतरायचं नाही. आता इन्व्हर्टरला दिसते ती फक्त चौघांची बेरीज. एक सेल ३.६५ ला पोचला आणि बाकीचे तिघे ३.४२ वरच असले, तर बेरीज भरते १३.९१. इन्व्हर्टर म्हणतो, अजून पुष्कळ जागा आहे, घाला आणखी. वर्गाची सरासरी चांगली असली म्हणून प्रत्येक मूल पास झालेलं नसतं, तसंच हे.

पंगतीत एखादी बाई अशी असते की तिचं लक्ष प्रत्येक पानावर असतं. कुणाचं पान भरलं, कुणाचं रिकामं, कुणाला आता नको, हे ती बघते. बीएमएस म्हणजे ती बाई. ती एकेका सेलचं व्होल्टेज मोजते. एक जरी भरून गेला तरी चार्जिंग थांबवते. एक जरी फार रिकामा झाला तरी पुरवठा तोडते. करंट मर्यादेबाहेर गेला, शॉर्टसर्किट झालं किंवा सेल फार तापले तरी तोडते. शिवाय जो सेल पुढे गेला असेल त्यातली थोडी वीज हळूहळू जिरवून चौघांना एका पातळीवर आणते.

मग आमच्याकडे भर उन्हात काय होत होतं? इन्व्हर्टर जुन्या बॅटरीच्या सेटिंगवरच राहिला होता. पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून पंधराच्या घरात व्होल्टेज देऊन ढवळून काढावं लागतं. लिथियमला ते चालत नाही. ऊन कडक झालं की इन्व्हर्टर आग्रह करकरून वाढायचा, चौथा सेल भरून जायचा, बीएमएस चार्जिंग तोडायची. पॅनेलच्या विजेला एकदम जायला जागा उरायची नाही, व्होल्टेज उसळायचं आणि इन्व्हर्टर घाबरून बंद पडायचा. बिघाड सेटिंगमध्ये होता. बीएमएस ओरडून तेच सांगत होती, आणि आम्ही ओरडणारीचंच तोंड बंद केलं!

बसवताना हे विचारा

पेटी आपण स्वतः उघडायची नाही. पण बसवणाऱ्याजवळ उभं राहून विचारायला काय हरकत आहे? भाजी घेताना आपण विचारतोच की.

१) इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगवर केलात का? १२.८ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १४.२ ते १४.४ व्होल्टवर चार्जिंग थांबलेलं बरं. 'इक्वलाइझ' बंद हवं. बॅटरीच्या कागदावर जे आकडे असतील ते प्रमाण मानावेत.

२) बीएमएस किती अँपिअरची आहे? आमचा ७५० वॉटचा मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून पुष्कळ जास्त. बीएमएस लहान असली तर चटणी वाटताना घर अंधारात.

३) इन्व्हर्टर बीएमएसच्या आधी थांबतो ना? बीएमएस हा शेवटचा बांध आहे, रोजचं दार नव्हे. बॅटरी उतरताना इन्व्हर्टरने बारा व्होल्टच्या आसपासच आवरतं घ्यावं. बीएमएसवर वेळ आली तर बॅटरी मेल्यासारखी वाटते आणि चार्जर लागल्याशिवाय कधीकधी जागी होत नाही.

४) बॅटरीजवळ धन टोकाच्या वायरीवर फ्यूज आहे का? स्विच डीसीचाच आहे ना? घरातल्या विजेचा एमसीबी इथे चालत नाही, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही.

५) जोडणीचा क्रम: आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सोडवताना उलट, आधी पॅनेल काढायचं.

६) आतल्या बारीक वायरी मोजून जोडल्यात का? आमच्या मुलीने ऋण टोकापासून एकेक वायर मल्टिमीटरने तपासली: ३.३, ६.६, ९.९, १३.२. अगदी पाढा म्हटल्यासारखं. पाढा चुकला तर वायर चुकली, आणि तशीच पिन खोचली तर बीएमएस जळू शकते.

आमचा फुगलेला सेल काढून त्याच क्षमतेचा नवा घातला. चौघांना आधी एका पातळीवर आणलं आणि नवी बीएमएस बसवली. वॉरंटी मात्र गेली, कारण पेटी परक्या माणसाने उघडलेली. दोन महिन्यांची बचत त्यात खर्ची पडली. ह्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

रोजच्या वापरात

नव्या बीएमएसला ब्लूटूथ आहे. मोबाइलवर चारही सेलचे आकडे दिसतात. आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळेतून आल्यावर, बॅटरी भरत आलेली असताना मी ते वहीत लिहिते. शेवटी शेवटी चौघांत थोडा फरक पडतोच. तो दर आठवड्याला वाढत चालला तर बसवणाऱ्याला फोन करायचा. ही समजूत घालण्याची क्रिया बॅटरी भरत आल्यावरच चालते, म्हणून अधूनमधून ती पूर्ण भरू द्यावी.

हिशेब सोपा आहे. १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवर म्हणजे सव्वा युनिट वीज. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे चार दिवे लावले तर पाच तासांच्या आसपास निघतात. इस्त्री आणि गीझर ह्यावर नको.

बॅटरीला पाणी नको, पण वारा हवा. ह्या सेलना चार्जिंगसाठी साधारण ४५ अंशांपर्यंतचीच उष्णता मानवते. तेव्हा पत्र्याखालचा माळा, गॅसची शेगडी आणि बंद कपाट वर्ज्य. क्रोशाचं कव्हरही! माझं मी काढून पाटावर घातलं. झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या वाटेवर, म्हणजे जिन्याखाली किंवा दाराशी, पेटी ठेवू नये. आमची आता मागच्या व्हरांड्यात भिंतीवर सावलीत आहे.

महिनाभर माहेरी किंवा गावाला जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवून इन्व्हर्टर बंद करा. रिकामी ठेवून गेलात तर बीएमएस स्वतःला लागणारी थोडी थोडी वीज खात राहते आणि सेल पार कोरडे होतात.

पेटी फुगली, पोळू लागली, उग्र वास किंवा धूर आला, तर आधी माणसं बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. स्विच वाटेत सहज हाताशी असेल तरच बंद करा. खराब झालेला सेल भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विक्रेत्यालाच परत घ्यायला लावा.

आणि बीएमएसने तोडलं तर रागावू नका. का तोडलं ते विचारा. ऊन असताना तोडते की मिक्सर लावल्यावर, दुपारी की पहाटे, हे वहीत टिपून ठेवा. येणाऱ्या कारागिराचं निम्मं काम तिथेच होतं. त्याने "काढून टाकतो" म्हटलं, तर चहा देऊन वाटेला लावा.

परवा मध्यरात्री वीज गेली. आईंचं वाफेचं मशीन चालू होतं, ते चालूच राहिलं. सकाळी त्यांनी मला विचारलं, "ती तुझी राखणदारीण बरी आहे ना गं?" म्हटलं, "बरी आहे. आता तिच्या वाटेला जात नाही कुणी."