अमळनेरचे शेअर आणि आपल्या गाठीचा पैसा

भुईमुगाच्या खान्देशात, अमळनेरला, महंमद हशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. ‘सनफ्लॉवर’ तूप आणि ‘७८७’ कपड्यांचा साबण ही तिची ओळख. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज डोरियो यांनी ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ ही संस्था उभी केली. अनोळखी, धडपड्या माणसांच्या कल्पनेत पैसा घालायचा आणि वर्षानुवर्षे थांबायचे, हे तिचे काम. आज ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हणतात, त्याची पद्धतशीर सुरुवात तिथली मानतात. डोरियो स्वतः स्थलांतरित होते. फ्रान्समधून १९२१ मध्ये ते अमेरिकेत शिकायला आले आणि हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. १९५७ मध्ये त्यांच्या संस्थेने दोन तरुण इंजिनिअरांच्या ‘डिजिटल इक्विपमेंट’ कंपनीत ७०,००० डॉलर घातले. दहा-अकरा वर्षांत त्याचे कोट्यवधी डॉलर झाले.

अमळनेरमध्ये व्हेंचर कॅपिटल हा शब्द कुणाच्या कानावरही नव्हता. पण गावातल्या माणसांनी गावातल्या कारखान्याचे शेअर घेतले होते.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये हशम प्रेमजी वारले. स्टॅनफर्डमध्ये इंजिनिअरिंग शिकणारा त्यांचा २१ वर्षांचा मुलगा, अझीम, शिक्षण अर्धवट सोडून परतला. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एका गृहस्थाने उभे राहून त्याला ऐकवले, की कंपनी चालवणे तुला जमणार नाही, आपला हिस्सा जाणत्या माणसांना विकून टाक. प्रेमजींनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. तो गृहस्थ चुकीचे बोलत होता असेही नाही. तूप-साबणाची कंपनी, अननुभवी मालक: कोणत्याही हिशेबात ती जोखीमच होती. १९७७ मध्ये नाव बदलून ‘विप्रो’ झाले, संगणक कंपनी आयबीएम भारतातून बाहेर पडली आणि त्यानंतर तूप करणाऱ्या कंपनीने संगणकात उडी घेतली.

ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांचे काय झाले, हे आकड्यांतच पाहावे. १९९७ मध्ये एकास दोन बोनस मिळाला, म्हणजे एकाचे तीन शेअर झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच झाले. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन बोनस आणि २००५ मध्ये एकास एक. १९९७ च्या सुरुवातीचा एक शेअर २००५ च्या अखेरीस नव्वद झाला होता, आणि त्याआधीचे बोनस यात धरलेलेच नाहीत. अमळनेरमधली साधी घरे कोट्यधीश झाली ती अशी. अर्थात लग्नकार्यासाठी, घरासाठी शेअर आधीच विकून टाकलेलेही पुष्कळ. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. गरज होती तेव्हा तोच पैसा कामी आला.

परदेशातल्या मराठी माणसाला ही गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते, कारण गुंतवणूकदार होण्याची वाट त्याला अजून परकी वाटते. पदवी, नोकरी, घर, मुलांचे शिक्षण, निवृत्तीची पुंजी एवढा त्याचा नकाशा. सुहास पाटील यांचा प्रवास पाहावा. आयआयटी खरगपूर, मग एमआयटीत डॉक्टरेट, मग प्राध्यापकी. १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी ‘पाटील सिस्टिम्स’ सुरू केली. तीच पुढे कॅलिफोर्नियात ‘सिरस लॉजिक’ झाली आणि १९८९ मध्ये शेअर बाजारात आली. त्यानंतर १९९२ मध्ये इतर भारतीय उद्योजकांबरोबर त्यांनी नव्या उद्योजकांना हात देणारी ‘टाय’ ही संस्था स्थापन केली. आधी स्वतः कंपनी घडवायची, मग नवख्यांना वेळ आणि पहिला चेक द्यायचा, हा त्या पिढीचा रस्ता. विनोद खोसला ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ उभारून १९८६ मध्ये क्लायनर पर्किन्स या व्हेंचर कॅपिटल फंडात गेले ते याच क्रमाने. फंडात थेट शिरणारे असतात, पण कारखान्यात, प्रयोगशाळेत हात काळे केलेल्या माणसाला संस्थापकाची अडचण न सांगता कळते, आणि त्याची किंमत मोठी आहे.

वाट सोपी नाही. एच-वन-बी व्हिसावरचा माणूस ज्या कंपनीने अर्ज केला तिथेच नोकरी करू शकतो. स्वतःच्या स्टार्टअपमध्ये राबणे त्याला सहजी जमत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत उमेदीची वर्षे जातात. अमेरिकेत खासगी कंपन्यांत गुंतवणूक करायची तर सामान्यतः वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर किंवा राहते घर वगळून मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर लागते. शिवाय बहुतेक गुंतवणुकी बुडतात आणि एखाददुसरी सगळ्यांचे भरून काढते. फंडाचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. घरखर्चाचा पैसा इथे घालूच नये.

पुन्हा खान्देशात येऊ. जळगावचे भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकारीपद नाकारून १९६३ मध्ये घराण्याच्या साठवलेल्या ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली. १९७८ मध्ये त्यांनी केळीची पावडर करणारा जुना कारखाना घेतला, आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे पाइप आले, ठिबक सिंचन आले. पहिले ७,००० घरच्यांनी दिले होते, हे विसरू नये. जळगावच्या विद्यापीठात, शिरपूर-धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आजही अशी मुले आहेत, ज्यांच्या घरी एवढी शिल्लक नसते. कापूस, केळी, पाणी, शीतगृहे यांवर काम करायला त्यांना डोके आहे. विचारायला माणूस नाही.

आपल्या मंडळात चिप, औषधे, बँकिंग, सॉफ्टवेअर यांत वीस-पंचवीस वर्षे घालवलेले सभासद आहेत. त्यांनी महिन्यातून एक तास त्या मुलांशी बोलण्यासाठी राखावा, अशी मंडळाची विनंती आहे. पैशाचे पुढचे पुढे बघता येईल. इच्छुकांनी आपले क्षेत्र आणि सोयीची वेळ कार्यकारिणीकडे कळवावी. जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांशी पत्रव्यवहार मंडळ करील.