रविवारची शर्यत, सोमवारचे दुकान

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका घरात जेवणानंतर वही उघडली गेली. या वेळी ती धंद्याच्या हिशेबाची नव्हती. घरातील चोवीस वर्षांच्या मुलाने दोन वर्षांत दीड लाख रुपये बाजूला टाकले होते. घरच्या १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये सुधारणा करून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर हौशी चालकांच्या घड्याळाविरुद्धच्या स्पर्धेत उतरावे, असा त्याचा मानस होता. इंजिनच्या संगणकाचे नवे प्रोग्रामिंग, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, गाडी खाली बसविणाऱ्या स्प्रिंगा आणि रुंद चाके अशी यादी त्याने मांडली.

वडिलांचे आयुष्य घाटातून उतरणारे मालट्रक पाहण्यात गेलेले. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि एवढेच विचारले, "यात थांबण्यासाठी काय आहे?"

"अण्णा, ब्रेक कंपनीचेच चांगले आहेत," मुलगा म्हणाला.

रस्त्यापुरते ते चांगलेच असतात. परंतु ट्रॅकचा हिशेब निराळा आहे. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबविताना ब्रेकना जेवढी ऊर्जा शोषावी लागते, तिच्या तिप्पट ऊर्जा १२० वरून केवळ ६० पर्यंत येताना शोषावी लागते. करीचा ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. तेथे असे ब्रेक प्रत्येक फेरीत पुनःपुन्हा लावावे लागतात आणि त्यांना निवण्यास उसंत मिळत नाही.

या उष्णतेने दोन गोष्टी घडतात. साध्या पॅडची पकड सुटू लागते, हा पहिला धोका. दुसरा अधिक गंभीर आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकूनही गाडी थांबत नाही. म्हणून ताजे, उच्च प्रतीचे तेल आणि अधिक उष्णता सोसणारे पॅड हा पहिला खर्च ठरतो. मात्र निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी बाजारात निघालेल्या गाडीला ते धोक्याचे असतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारे मधल्या प्रतीचे पॅडच अशा गाडीला योग्य.

दुसरा क्रम टायरचा. वेग वाढविणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया जमिनीला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार ठशांवरच घडतात. मऊ रबराचे टायर फेरीच्या वेळेत स्पष्ट फरक पाडतात, पण ते लवकर झिजतात. सांगलीहून कोइंबतूर जवळजवळ हजार किलोमीटर, आणि तेवढेच परत. म्हणून चाकांचा दुसरा संच मागची आसने पाडून सोबत न्यावा, तेथे बदलावा आणि जुन्या टायरांवर घरी यावे, ही शहाणपणाची रीत. टायर तापले की हवेचा दाब वाढतो. त्यामुळे दाब गरम टायरवर मोजून दर काही फेऱ्यांनी जुळवावा लागतो.

तिसरा क्रम चाकांच्या कोनांचा. पुढील चाकांचा वरचा भाग किंचित आत झुकविला की वळणावर टायर पूर्ण टेकतो. हा कोन वाजवीपेक्षा वाढला तर रोजच्या सरळ रस्त्यावर टायरची आतली कड खाल्ली जाते. स्प्रिंगा खाली बसवून कडक केल्या तर गावोगावचे गतिरोधक गाडीच्या पोटाला लागतात आणि मागे बसलेल्या वृद्धांच्या कमरेला प्रत्येक खड्डा जाणवतो. या घरात तो प्रश्न पुस्तकी नव्हता. आजीला दर सोमवारी मिरजेला डॉक्टरांकडे याच गाडीतून न्यावे लागते.

इंजिनाची पाळी सर्वांत शेवटी येते. टर्बो नसलेल्या लहान पेट्रोल इंजिनात नव्या प्रोग्रामिंगने वाढणारी ताकद थोडीच असते. हमी मात्र त्यामुळे धोक्यात येते. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकले तर गाडी रस्त्यासाठी बेकायदा ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली.

सुरक्षेच्या सामानातही उतावीळपणा घातक ठरतो. लोखंडी पिंजरा, म्हणजे रोल केज, शर्यतीत प्राण वाचवितो. तोच पिंजरा रोजच्या गाडीत हेल्मेट नसलेल्या डोक्याजवळ असेल, तर लहान अपघातातही घातक ठरू शकतो. पहिल्या वर्षी चांगले हेल्मेट आणि सुस्थितीतील मूळ पट्टा हाच योग्य आरंभ होय.

खर्चापूर्वी नियमपुस्तिका वाचणे तर अनिवार्य. स्पर्धांतील वर्ग इंजिनाची क्षमता आणि केलेले बदल यांवरून ठरतात. हौसेने बसविलेला एखादा सुटा भाग गाडीला वरच्या वर्गात ढकलतो, आणि मग केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांशी गाठ पडते. सर्वाधिक सेकंद तर चालकाच्या हाती असतात. अनुभवी प्रशिक्षकासोबत घालविलेला एक दिवस बहुतेक सुट्या भागांपेक्षा अधिक फळ देतो.

एवढी चर्चा झाल्यावर वडिलांनी कपाटातून विम्याचा कागद काढला. वापराच्या मर्यादांखाली संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही, असे स्पष्ट लिहिले होते. भारतातील मोटार विम्यात ही अट सर्रास असते आणि ती क्वचितच कोणी वाचतो. गाडी पेढीच्या नावावर आणि तिच्यावर बँकेचे कर्ज. ट्रॅकवर ती भिंतीला धडकली तर दुरुस्ती पदरची, आणि हप्ते चालूच.

"मग जायचेच नाही का?" मुलाने विचारले.

"जायचे. पण बुडाले तरी घर उभे राहील, एवढ्याच भांडवलावर," वडील म्हणाले. "माल उधार देताना आपण दुसरे काय पाहतो?"

जुनी दुसरी गाडी केवळ ट्रॅकसाठी घ्यावी, हाही पर्याय पुढे आला. तो तत्त्वतः निर्दोष आहे. परंतु तिची डागडुजी, तिची जागा आणि तिला तिकडे नेण्याचा खर्च यांत दीड लाख पाहता पाहता संपले असते. अखेर असे ठरले की कर्जाचे उरलेले सात हप्ते फिटेपर्यंत ही गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. तोवर मुलाने रेल्वेने जाऊन तेथल्या प्रशिक्षण गाडीवर शिकावे. त्यानंतर तेल, पॅड, टायरांचा एक संच आणि कोनांची जुळणी एवढेच करावे. इंजिनाला हात लावू नये. रकमेतील निम्मा भाग नुकसानीसाठी राखीव म्हणून बँकेत ठेव करावा.

मुलाचा चेहरा उतरला. सात महिने त्याच्या वयाला फार वाटतात. तरीही त्याने जुनी यादी फाडली नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून खाली नवी लिहिली आणि ट्रॅकवरून परतल्यावर करावयाची कामे जोडली. शेवटची फेरी सावकाश काढून ब्रेक निवू द्यावेत, तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये, चाकांचे बोल्ट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळावेत, पॅडची जाडी पाहावी.

सर्वांत खाली वडिलांनी आपल्या हाताने एक ओळ घातली. सोमवारी सकाळी सात वाजता, आजी, मिरज.