अर्ज भरण्याआधी एक वही भरा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो. पुढे काय? मामा विचारतो, शेजारीण विचारते, देवळात भेटलेला माणूसही विचारतो. उत्तर सुचत नाही. मग मित्राने जो फॉर्म भरला तोच तुम्हीही भरता.

पेडणे आणि डिचोलीतल्या मुलामुलींनो, जरा थांबा. तुम्हाला काय येतं हे आधी तुम्हालाच नीट कळू द्या. ते कळलं की शिक्षण निवडणं सोपं जातं आणि मुलाखतीत बोलणंही सोपं जातं. हे काम घरबसल्या होतं. त्याला एक साधी वही पुरते.

वहीत काय लिहायचं?

गेल्या वर्षभरात तुम्ही केलेली कामं लिहा. फक्त शाळा-कॉलेजातली नकोत. चतुर्थीला माटोळी बांधायला कोण चढलं? घुमट आरतीत ताल कोणी धरला? काजूच्या दिवसांत बोंडू आणि बिया वेगळ्या करायला कोण बसलं? हरमल-मांद्र्याच्या शॅकवर सीझनमध्ये हिशेब कोणी ठेवला? आजीला इस्पितळात कोणी नेलं, डॉक्टरांचं बोलणं तिला कोणी समजावून सांगितलं?

प्रत्येक कामापुढे तीन उत्तरं लिहा. ते करताना कंटाळा आला की वेळेचं भान राहिलं नाही? काही बिघडलं तेव्हा तुम्ही काय केलं? लोकांनी तेच काम पुन्हा तुम्हालाच सांगितलं का?

तिसरं उत्तर फार महत्त्वाचं आहे. माणसं जे काम पुन्हापुन्हा तुमच्याकडेच घेऊन येतात, त्यात तुमचा हात बसलेला असतो. तुम्हाला ते किरकोळ वाटतं, कारण ते तुम्हाला सहज जमतं.

लिहून झालं की वही आईला, एखाद्या शिक्षकांना आणि एका मित्राला दाखवा. यात काय राहिलं, असं विचारा. ते जे सांगतील तेही लिहा.

मग कामं जवळून पाहा

तुमच्या तालुक्यांत आता बरंच काही उभं राहिलं आहे. मोप्याच्या मनोहर विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुरू झाली. त्याच ११ डिसेंबरला धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचंही उद्घाटन झालं.

विमानतळ म्हटलं की वैमानिक आणि हवाई सुंदरीच डोळ्यांपुढे येतात. पण तिथे वीज सांभाळणारे लागतात. एसी दुरुस्त करणारे, आग विझवणारे, सामान चढवणारे, गाड्या चालवणारे, स्वयंपाकघरात राबणारे, हिशेब ठेवणारे लागतात. आयुर्वेद संस्थेतही फक्त वैद्य नसतात. परिचारिका, औषधं देणारे, प्रयोगशाळेत तपासण्या करणारे, कार्यालय चालवणारे असतात.

वहीत ज्याची दुरुस्तीची कामं जास्त, त्याने आयटीआयची चौकशी करावी. पेडण्यात आणि डिचोलीत, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहे. मये इथे सरकारी पॉलिटेक्निक आहे. पदवी करायची असेल तर विर्नोड्याचं संत सोहिरोबानाथ अंबिये सरकारी महाविद्यालय आहे, साखळीचं सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीचं झांट्ये महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाला भेटा. तुझा दिवस कसा जातो, हे विचारा. माहितीपत्रकात ते सापडत नाही.

नोकरी करणाऱ्यालाही भेटा. पगाराबरोबर पाळीबद्दल विचारा. विमानतळ चोवीस तास चालतो. रात्रीची पाळी असेल तर घरी कसं यायचं, कंपनीची गाडी असते का, हे आधीच कळलेलं बरं.

एकाच कामावर विसंबू नका

डिचोलीच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, पण बँकेचे हप्ते थांबले नाहीत. गॅरेज, टायरचं दुकान, चहाचं हॉटेल, सगळ्यांना झळ बसली. लिलाव झाल्यावर डिचोलीची खाण २०२४ मध्ये परत सुरू झाली. मधली वर्षं मात्र कोणाला परत मिळाली नाहीत.

म्हणून एक मुख्य काम शिका आणि एक जोडीचं. वीजकाम शिकत असाल तर संगणकावर बिल करायलाही शिका. हॉटेलात जायचं असेल तर हिशेबही शिका. आज विमानतळ जोरात आहे म्हणून सगळ्यांनी तिकडेच धावू नये.

मुलाखतीची तयारी

बहुतेक मुलाखतींत सुरुवातीलाच सांगतात, स्वतःबद्दल बोला. इथेच मुलं गडबडतात. नाव, गाव, वडिलांचा धंदा सांगून गप्प होतात. तुमच्याकडे वही आहे. त्यातलं एक काम उचला.

चार गोष्टी सांगा. तुम्ही कोण, काय शिकलात, कोणतं काम स्वतः पार पाडलंत आणि ही नोकरी तुम्हाला का हवी. दोन मिनिटं पुरेत. ‘मी मेहनती आहे’ असं कोणीही म्हणतं. ‘दोन सीझन मी शॅकचा रोजचा हिशेब लिहिला आणि रात्री गल्ला जुळवूनच घरी गेलो,’ हे ज्याने केलं तोच म्हणू शकतो.

मोठ्याने सराव करा. मनातल्या मनात केलेला सराव ऐनवेळी उपयोगी पडत नाही. घरात कोणालातरी समोर बसवा. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका.

इंग्रजीची भीती धरू नका. लहान, सोपी वाक्यं करा. कोकणी, मराठी, हिंदी तुम्ही रोज बोलता. पर्यटकांच्या गावात ही मोठी शिदोरी आहे, ती सांगायला लाजू नका. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत बहुधा कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं आणि मराठीचं असल्यास चांगलं, असं लिहिलेलं असतं. दोन्ही भाषा वाचता-लिहिता येऊ द्या.

एखादं उत्तर येत नसेल तर ‘मला हे माहीत नाही, पण शिकेन’ असं सरळ सांगा. थाप मारली तर पुढच्याच प्रश्नात ती उघडी पडते.

जागा आदल्या दिवशी पाहून या. म्हापशाला बस बदलायची असेल तर एक बस आधीची धरा.

कागद आजच काढा

जन्मदाखला, गुणपत्रिका, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, लागत असेल तर जातीचा दाखला. एका फाइलमध्ये सगळं ठेवा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते पाहा. आडनावात एका अक्षराचा फरक असला तरी खेपा घालाव्या लागतात. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा सुट्टीत हे उरकून घ्या.

विमानतळाच्या आत काम करायचं असेल तर पोलिसांकडून पडताळणी होते. म्हणून मारामारी आणि नशा यांपासून दूर राहा. एका रात्रीच्या वेडेपणाची किंमत फार मोठी पडते.

नोकरीसाठी पैसे देऊ नका

हे घरातल्या सगळ्यांनी ऐका. २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरीचं आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत आल्या. कोणी दागिने विकतं, कोणी कर्ज काढतं. नोकरी मिळत नाही आणि पैसेही जातात.

राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी आता गोवा कर्मचारी निवड आयोग संगणकावर परीक्षा घेतो. केंद्र सरकारने तर खालच्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या. मुलाखतच नसेल तर ‘मुलाखतीत बघून घेतो’ म्हणणारा काय बघणार? विमानतळावर लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. पैसे दिले असतील तर लाज न बाळगता पोलिसांत जा.

आईवडिलांना एक विनंती

मुलाची वही वाचा, पण हसू नका. भावाच्या मुलाशी तुलना करू नका. मुलीला दुरुस्तीचं काम आवडलं किंवा मुलाला स्वयंपाक आवडला तर अडवू नका. आणि पहिल्या मुलाखतीत नकार आला तर त्या रात्री काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी कोणता प्रश्न अडला ते विचारा आणि वहीत लिहायला सांगा. पुढच्या मुलाखतीला तो प्रश्न अडणार नाही.

येत्या रविवारी दुपारी एक तास काढा. वही घ्या आणि पहिली पाच कामं लिहा. बाकीचं त्यानंतर.