चौथी आज्ञा कोणासाठी?

रविवारची मिस्सा आटोपून मंडळी देवळाबाहेर रेंगाळली की एक तक्रार हटकून कानी पडते : ‘बायका नोकरीला लागल्या आणि कुटुंब मोडले.’ हा निवाडा मला साफ अमान्य आहे.

मावळातील स्त्री घराबाहेर राबली नाही असा काळ तरी कोणता? भर पावसात चिखलात वाकून भातलावणी तिनेच केली. तेव्हा कुटुंब मोडल्याची हाकाटी कोणी केली नाही. बदल झाला तो निराळाच. १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकल सुरू झाली, तळेगाव-चाकणला कारखाने आले, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. एका शेतावर राबणारे घर पाळ्यांच्या वेळापत्रकात विखुरले. मुले पुण्या-मुंबईस, परदेशी गेली. म्हाताऱ्या आईवडिलांची शुश्रूषा मात्र जिथल्या तिथे राहिली. पूर्वी चार जावांत वाटली जाणारी सेवा आता एकट्या सुनेच्या माथी आली. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना ते कोणाच्या कष्टांवर उभे होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आईबापांचा मान राखावा, ही चौथी आज्ञा. २००७ साली संसदेला तिचा कायदा करावा लागला. निराधार आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या कायद्यातील ‘अपत्ये’ या शब्दाची व्याख्या वाचकहो, अवश्य पाहा. तीत मुलगा, मुलगी, नातवंडे आहेत, सून नाही! कायद्याने ज्याच्यावर भार ठेवला तो मुलगा आपल्या घरी वर्तमानपत्र वाचत बसतो.

‘पुरुषाला सवड कुठे?’ असे कोणी म्हणेल. सूनही नोकरी करते. तिला सवड कोणी दिली? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात स्त्री-पुरुषांची समान प्रतिष्ठा आणि समान जबाबदारी सांगितली, स्त्रीचा सार्वजनिक कार्यातील प्रवेशही न्याय्य ठरवला. ते पत्र व्यासपीठावरून वाखाणायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी विसरायचे, ही कसली श्रद्धा?

आज रात्री जपमाळ संपली की प्रत्येक मुलाने स्वतःला एवढेच विचारावे : आईच्या औषधांच्या वेळा मला पाठ आहेत काय? नसतील, तर कुटुंब मोडल्याचा दोष बायकोच्या नोकरीवर टाकण्याचा अधिकार त्याला नाही.