हस्तिदंती बाई आणि बापाची रापी

आपल्या धावड्याच्या तालुक्याला, भोकरदनला, १९७३ साली उत्खनन झालं. सातवाहन काळातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती वर आली. त्याच घाटाची एक १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली होती. मूर्तीचा बोलबाला झाला. ती कोरणारे हात कुणाचे, हे कुणी पुसलं?

काचेच्या कपाटात राजांच्या तलवारी मिरवतात. आपली रापी, जातं, हलगी मात्र भंगारात!

बाबासाहेबांचा टाइपरायटर, कोट आज नागपूरजवळ चिचोलीला दिसतात, ते नानकचंद रत्तूंनी जिवापाड सांभाळले म्हणून. मग आपणही सांभाळू. वस्तू विहारात मांडा. खाली लिहा : कुणी वापरली, मजुरी काय मिळाली, कुठल्या पाणवठ्यावरून हाकललं. म्हाताऱ्यांना बोलतं करा, पोरांना ऐकू द्या.

आपलं कपाट आपणच भरायचं!