भिंतीवरचे गांडूळ



गेल्या हिवाळ्यात अमरकंटकला निघालो होतो. मध्य प्रदेशातील डिंडोरी जिल्ह्यात, वाटेपासून थोडे आत, पाटनगढ नावाचे गोंडांचे गाव आहे. चहापुरते थांबू म्हणून गाडी वळवली आणि अर्धा दिवस तिथेच गेला.

जिकडे पाहावे तिकडे भिंतींवर रानातली जनावरे. वाघ, मोर, मगर. एका बारशिंग्याची शिंगे तर वाढत वाढत झाडाच्या फांद्या झालेली आणि त्यांवर पाखरे बसलेली. अंगभर बारीक ठिपके नि रेघा. याच गावच्या जनगढ सिंह श्याम यांची भिंतीवरची चित्रे 1981च्या सुमारास, भोपाळच्या भारत भवनासाठी कलावंत शोधत फिरणाऱ्या मंडळींच्या नजरेस पडली. त्यांची कीर्ती परदेशी गेली. 2001 साली जपानमध्येच ते वारले. त्यांचे पुतणे भज्जू श्याम भोपाळला चौकीदारी करीत. काकांच्या हाताखाली तेही चित्रकार झाले, 2002 साली लंडनला जाऊन आले आणि तिथल्या जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेचे त्यांनी चक्क गांडूळ काढले! 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गांडुळाचे कोडे मला एका ओसरीवर उलगडले. तिथल्या बाई चित्रे काढतात. पूर्वी रंग मातीचेच असत: पांढरी छुई, पिवळी रामरज, गेरू, शिवाय कोळसा. आता कागदावर बाजारचा रंग. त्यांनी उलगडलेल्या एका चित्रात कावळा, खेकडा आणि मधोमध गांडूळ होते. वाघ-मोर समजले, पण हे कशाला, मी विचारले.

"साहेब, आधी सगळीकडे पाणीच होते. बडा देवाने कावळ्याला माती शोधायला धाडले. कावळा गेला खेकड्याकडे. माती होती गांडुळाच्या पोटात. खेकड्याने त्याला आवळले तेव्हा ती बाहेर आली. तिचीच ही धरती."

मी शेतकी पदवीधर माणूस. गांडूळ माती खाते, विष्ठेवाटे बाहेर टाकते, जमीन भुसभुशीत करते, हे किती सभांतून सांगितले असेल! डार्विनने यावर 1881 साली पुस्तक लिहिले, हेही ऐकवायचो. इथे ही गोष्ट आज्या नातवंडांना सांगतात.

पण मला आठवले ते निराळेच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत हुमणीसाठी फोरेटचे दाणे उसाच्या सरीत टाका, असे मीच सांगत हिंडायचो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पाणी दिल्यावर वर आलेली मेलेली गांडुळे ओंजळीत आणून दाखवली. "सायेब, ही बी कीडच का?" मी म्हणालो, "आबा, पिकाचं बघा." घाईत होतो, दुसऱ्या गावी सभा होती. त्या औषधाच्या वापरावर 2020 अखेर बंदी आली. आबा तोवर राहिले नव्हते.

चित्र घेतले. गुंडाळता गुंडाळता बाईंनी सहज विचारले, "तुमच्याकडच्या शेतात असतात ना हे?"

"बांधाकडेला सापडतात," मी म्हणालो आणि पैसे मोजू लागलो.